चाक आपल्या हाती

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारले, "वकीलसाहेब, समाजाची पोरे फीसाठी वणवण फिरतात आणि तुम्ही एकटे अमेरिकेत जाऊन भाड्याची मोटार फिरवून आलात. ही चैन नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चारचौघांत दिले पाहिजे, म्हणून हा लेख.

भाड्याच्या वाहनाशी आपले नाते जुने आणि कडू आहे. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भाऊ व भाच्यांसह मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला. पण अट अशी की बैल पोरांनी हाकायचे, तो बाजूने चालणार. पुढे १९२९ मध्ये उच्चविद्याविभूषित बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला आले, तेव्हाही टांगेवाल्यांनी नकारच दिला. वस्तीतील बांधवांनी टांगा भाड्याने मिळवला आणि ज्याचा हा धंदा नव्हता असा आपलाच माणूस लगाम धरून बसला. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिले, त्यांचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. चाळीसगावचा धडा आपण विसरलो. स्वाभिमान होता, पण लगाम धरण्याचे कसब नव्हते.

मी अटलांटात मोटार घेतली. टस्कगीवरून माँटगोमेरी आणि तेथून सेल्मा असा प्रवास केला. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्या मराठी माणसाला टस्कगी परके नाही. या दक्षिणेत एकेकाळी कृष्णवर्णीयाला स्वतःची मोटार असूनही वाटेत खोली, जेवण, साधा संडासही नाकारला जाई. म्हणून हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढले. आपल्याला कोण दारात उभे करील, याची ती यादी होती. त्याच वर्षी बाबासाहेबांचे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले.

माँटगोमेरीचा १९५५-५६ चा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो पायी चालणाऱ्यांच्या आणि मोटारींच्या बळावर. लोकांनी आपल्या मोटारी एकमेकांसाठी चालवल्या. पोलिसांनी दंड ठोकले, विमे रद्द झाले, तरी लोक हटले नाहीत. सेल्माच्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फुटली. हॉटेल-खाणावळीतला भेदभाव तेथे देशभर कायद्याने बंद झाला तो १९६४ साली. आपल्या घटनेच्या कलम १५(२) ने तो हक्क २६ जानेवारी १९५० लाच दिला. पण हक्क कागदावर आला म्हणून आपोआप रस्त्यावर येत नाही.

अलाबामातल्या लहान गावांत अनेक चौकांना सिग्नल नसतो. चारही बाजूंना 'स्टॉप'ची लाल पाटी असते. प्रत्येकाने पूर्ण थांबायचे, जो आधी आला तो आधी जाणार. एका चौकात माझ्यासमोर एका गोऱ्याचा भला मोठा ट्रक आला. आधी मी आलो होतो. त्याने हाताने खूण केली, मी पुढे गेलो. एवढेच. पण मला मसूरचे स्टेशन आठवले. तेथे सगळे गोड आहे असेही नाही. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीयाला पोलिसाने मोटारीतच गोळ्या घातल्या आणि तो पोलीस निर्दोष सुटला.

एकटे कशाला? आपल्याकडच्या सहलीत पहिल्या दिवशी आडनाव विचारतात, दुसऱ्या दिवशी गाव. जात सामानाबरोबर विमानात बसते. म्हणूनच सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

जाणाऱ्याने तयारी करावी. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो आणि मूळ परवाना सोबत लागतोच. आपल्या नावाचे क्रेडिट कार्ड असावे, कारण कंपनी त्यावर अनामत अडकवून ठेवते. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा करारात आहे का, हे सहीपूर्वी वाचावे. पोलिसाने थांबवले तर आपल्याकडच्यासारखे खाली उतरू नये. हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहावे.

आता उपासकांचा प्रश्न. फीचा लढा चालूच राहील. पण जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जेवढा पैसा उधळतो, त्यात वस्तीतील काही मुला-मुलींचे ड्रायव्हिंग स्कूल, परवाना आणि पासपोर्ट सहज होईल. येत्या १४ एप्रिलला एका तरी जयंती मंडळाने हे करून दाखवावे. पहिल्या पाच जणांचे अर्ज मी स्वतः विनामूल्य भरून देईन. चाळीसगावच्या त्या टांग्याचे आपण एवढे तरी देणे लागतो.

जय भीम!