पेबलचं तांबं आणि खडकाचा हिशोब

इलेक्ट्रिक गाड्या आणि डेटा सेंटरमुळे तांब्याची मागणी वाढतेय, त्यामुळे अलास्कातल्या पेबल खाणीचा वाद काही मिटत नाही. अमेरिकेच्या ईपीएने जानेवारी 2023 मध्ये या खाणीचा भराव तिथल्या ओढ्यांत आणि पाणथळींत टाकायला मनाई केली. बातम्यांत सॅमन मासे दिसले. मी मात्र खडकाच्या टेस्टमध्ये अडकलो.

तांब्याच्या खनिजासोबत बहुधा पायराइट असतं. त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं. शेजारी कॅल्साइट असेल तर ते हे अ‍ॅसिड मारतं. लॅबमधला हिशोब सोपा आहे: गंधकाची टक्केवारी गुणिले 31.25. म्हणजे 2 टक्के गंधक असेल, तर टनामागे 62.5 किलो चुनखडीची ताकद हवी. खडकात तेवढी नसेल तर तो धोक्याचा.

खरी गोची वेळेची. कॅल्साइट संपेपर्यंत पाणी चांगलंच येतं. आमच्या भाषेत, सगळ्या टेस्ट पास आणि काही वर्षांनी प्रॉडक्शन क्रॅश! म्हणून नमुने महिनोन्‌महिने दमट हवेत ठेवतात आणि दर आठवड्याला धुऊन पाणी तपासतात.

पेबलमध्ये वरचे नवे ज्वालामुखी खडक बहुतांशी निरुपद्रवी आहेत. खालचे, तांबं असलेले जुने खडक अ‍ॅसिडवाले. अ‍ॅसिडसोबत तांबंही विरघळतं. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंही सॅमनची वास घेण्याची क्षमता कमी करतं, आणि हा मासा आपला ओढा वासावरूनच शोधतो.

असा कचरा शेवटी खाणीच्या खड्ड्यात पाण्याखाली ठेवायचा, असा कंपनीचा आराखडा होता. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो, हे पटतं. पण खाण 20 वर्षांची, आणि त्या खड्ड्यातलं पाणी शुद्ध करत राहायचं कायमचं.