डॅशबोर्डवर नसलेला दिवा

परवा टीममधल्या एका मित्राने ऑफिसात स्केटबोर्ड खोलून टेबलावर मांडला. आठ बेअरिंग्ज, सगळी ६०८ नंबरची. आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, रुंदी ७. टाचणीने झाकणं उचकटली, आतली काळी घाण धुतली, तेलाचा थेंब टाकला की गडी पुन्हा तयार! मला एकदम चंद्रपूरची आमची बेअरिंगची गाडी आठवली. ट्रकच्या गॅरेजमागे फेकलेली तीन बेअरिंग्ज, एक फळी आणि डांबरी उतार. असा खर्रर्र आवाज व्हायचा की दुपारी झोपलेले शेजारचे काका शिव्या घालत बाहेर यायचे. आजोबांच्या बंडीला तर बेअरिंग वगैरे नव्हतंच. चाक कुरकुरलं की ते उतरून आखाला वंगण घालायचे.

थोडक्यात, आवाज आला की काहीतरी करायचं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला.

पुण्याहून गाडी घेऊन घरी आलो होतो. साठच्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज. टायरचा असेल म्हटलं. डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणजे एरर नाही, ही आपल्या धंद्यातली सवय. आईबाबांना घेऊन बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीकडे निघालो. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी मागची काही वर्षं या रस्त्याची काय दशा केली ते तिकडच्यांना विचारा. पाण्याने भरलेला खड्डा टाचेएवढा की गुडघ्याएवढा, हे आत गेल्यावरच कळतं. संध्याकाळी स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि जळका वास आला. दोन्हीकडे सागाचं जंगल, मोबाइलला रेंज नाही. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. ताशी पंधराच्या वेगाने कसेबसे आलापल्लीला पोचलो.

मेकॅनिकने चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून हलवलं. खटखट.

"भाऊ, चाकच निघून आलं असतं न. इतका आवाज येत होता तं काहून नाई दाखवलं?"

काय सांगणार!

आणि गंमत म्हणजे ते बेअरिंग आठच महिन्यांपूर्वी बदललेलं होतं. शहरातल्या एका चकाचक गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत, हातोडीने ठोकून. तेव्हा मी 'अर्ध्या तासात काम झालं' म्हणून खूश. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो. आतल्या रिंगवर ठोकलं तर सगळा मार छर्‍यांमधून जातो, रिंगवर बारीक खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग बसतानाच अधू होतं. आलापल्लीच्या मेकॅनिकने जुनं बेअरिंग कापून न झिजलेल्या भागावरचे, छर्‍यांच्या अंतराने पडलेले खळगे दाखवले. खड्ड्यांचाही हात असेल, पण माझा राग हातोडीवरच आहे.

म्हणून 'बेअरिंग लाखभर किलोमीटर चालतं' वगैरे हिशोब मला पटत नाहीत. मारतात ते पाणी, आदळणं आणि चुकीची बसवणी. तापलेलं चाक पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, सील थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसचं ताक होतं. स्केटबोर्डसारखं धुऊन पुसून वापरायची सोय इथे नाही, सीलबंद बेअरिंग बदलायचंच. मात्र ब्रेक पॅडसारखी जोडी बदलायची गरज नाही, गेलेलं तेवढंच बदला. कुठलं गेलंय ते वळणावर कळतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर संशयित डावीकडे. आणि बसवणार्‍याला आधी विचारा, प्रेस आहे का? हबचा नट नवीन टाकणार का? तो हसला तर दुसरीकडे जा. अर्ध्या तासाच्या बचतीसाठी आईवडिलांना जंगलात बसवण्यात काही शहाणपण नाही. असो.

बेअरिंग दुसर्‍या दिवशी चंद्रपूरहून एसटीने आलं. त्या मेकॅनिककडे प्रेस नव्हता. पण त्याने हातोडी उचलली नाही. नकल सोडवून मोटरसायकलवर ठेवली आणि प्रेस असलेल्या वर्कशॉपात घेऊन गेला. यायला त्याला तीन तास लागले.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "आता तरी गाणी लाव." आष्टीच्या पुलापर्यंत नाही लावली.