वन विरळ केल्याने पाणी वाढते काय?

‘झाडे लावा, पाणी वाढवा’ हे वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवर पिढ्यानपिढ्या रंगविले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पर्वतराजीत मोजमाप करणाऱ्यांनी याच्या उलट नोंद करून ठेवली आहे, हे वाचून पुष्कळांना धक्का बसेल. नोंद खरी आहे, आणि म्हणूनच ती पूर्ण वाचली पाहिजे. अर्धे वाचलेले सत्य कुऱ्हाडीच्या धन्याला फार सोयीचे पडते.

तेथील फ्रेझर प्रायोगिक वनात फूल क्रीक या ओढ्याचा सुमारे २९० हेक्टरांचा पाणलोट आहे. शेजारच्या, हात न लावलेल्या पाणलोटाशी त्याच्या प्रवाहाची तुलना कित्येक वर्षे करून झाल्यावर, १९५४ ते १९५६ या काळात एकाआड एक पट्टे पाडून सुमारे ४० टक्के क्षेत्रावरील वृक्ष तोडण्यात आले. त्यानंतर ओढ्याचे पाणी सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. यात गूढ काही नाही. सूचिपर्णी वृक्षांच्या फांद्यांवर अडकलेले बरेचसे हिम जमिनीला न शिवता हवेतच विरून जाते; शिवाय मुळे उन्हाळाभर जमिनीतील ओल शोषून पानांवाटे उडवून देतात. वृक्ष गेला की हा दुहेरी खर्च वाचतो.

पण हे वाढीव पाणी येते केव्हा? मुख्यतः मे महिन्यात, हिम वितळून ओढे आधीच दुथडी भरून वाहत असताना. हिम भरपूर पडेल त्या वर्षी वाढ मोठी. आणि खालच्या शहरांना व शेतांना पाण्याची खरी चणचण भासते त्या कोरड्या वर्षी ती अल्प. साठवणीची सोय नसेल तर असे पाणी केवळ हिशेबाच्या वहीत वाढते.

शिवाय फूल क्रीकमध्ये झाली ती विरळणी नव्हे, पट्टेतोड. दाटी मोडण्यापुरते मधले मधले वृक्ष काढले, तर मोकळी झालेली ओल उरलेल्यांची मुळे लगेच उचलतात. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये ९४ पाणलोटांतील प्रयोगांचा आढावा घेतला. आच्छादन २० टक्क्यांहून कमी हटविले असता प्रवाहातील फरक मोजमापात दिसून येत नाही, असे त्यांना आढळले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाणलोटांत तर १९३९ च्या वणव्यानंतर उगवलेले कोवळे वन जुन्या वनापेक्षा अधिक तहानलेले निघाले, आणि प्रवाह कित्येक दशके घटला.

अमेरिकेच्या पश्चिम भागात दीर्घकाळ वणवे दडपल्यामुळे अनेक वने अतोनात दाट झाली आहेत. तेथे विरळणी अवश्य व्हावी, पण ती आगीची धग कमी व्हावी म्हणून. पाण्याचे आश्वासन देऊन तिच्यासाठी निधी मागणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लाकूड ओढण्यासाठी उतारावर खोदलेल्या वाटांचा गाळ त्याच ओढ्यांत उतरतो, हेही त्या आश्वासनात सहसा सांगितले जात नाही.

आणि सारा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो अशा आपल्या सह्याद्रीत कोणी फूल क्रीकचा आकडा दाखवू लागला, तर त्याला आधी विचारावे: वैशाखात झऱ्याला किती पाणी राहील?