मोहर्लीचा खंड कोण खातो?

किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव पाहता पाहता प्रवाशांचे गाव कसे बनते, ही कथा महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकांना नवी नाही. कळंगूट हे एकेकाळी रापणकारांचे आणि माडांचे गाव होते. तेथे १९६० च्या दशकात परदेशी फिरस्ते आले, त्यांच्यामागून उपाहारगृहे आली, मग हॉटेले आली, आणि अखेरीस ज्या वाळूवर होड्या ओढल्या जात त्या वाळूलाच बाजारभाव आला. १९९७ साली सिंधुदुर्ग हा 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला आणि तोच क्रम कोकणात सुरू झाला. आधी निसर्गाची कीर्ती, मग जमिनीची खरेदी, मग मूळ रहिवाशांची नोकरी, हे या क्रमाचे तीन टप्पे होत. कालचा धनी त्यात उद्याचा वेटर होतो.

चंद्रपूर जिल्ह्याला समुद्र नाही. तेथे समुद्राची जागा वाघाने घेतली आहे. बाकी क्रम मात्र तोच आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर भद्रावती तालुक्यातील मोहर्ली या गावाकडे पाहिले पाहिजे.

मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार आहे. गावाशेजारी इरई धरणाचा जलाशय पसरलेला आहे. हे धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. त्या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. एके काळी या टापूतील माणसे धानाच्या बांध्या, गुरे, मोहफुले, तेंदूपाने, बांबू आणि नदी-तलावांतली मासळी यांवर जगत. सुबत्ता नव्हती, हे खरे. परंतु उपजीविकेची साधने हाताच्या अंतरावर होती. आज त्याच रस्त्यावर रिसॉर्टांच्या कमानी उभ्या आहेत, पहाटे जिप्सी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि सुट्टीच्या दिवसांत नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद येथील पाहुण्यांना जागा अपुरी पडते. मोहर्लीत जे घडले तेच चिमूर तालुक्यातील कोलारा गेटवर घडले आहे.

हे परिवर्तन आपोआप झालेले नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले. नव्वदीच्या दशकात दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या या गाभा क्षेत्राभोवती २०१० साली सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखण्यात आले, आणि पाऊणशेहून अधिक गावे त्यात आली. गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी या गावांचे पुनर्वसन झाले. ज्या तारू नावाच्या गोंड प्रमुखाच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, तो वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचे देवस्थान आहे, आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरत असे. आज त्या तलावाकडे जाणारा रस्ता तिकीटखिडकीवरून जातो. वाघाशी या भूमीचे नाते पर्यटनाच्या फार पूर्वीचे आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता या घडामोडीचे अर्थशास्त्र पाहू. मोहर्लीजवळच्या एकरभर पडीक जमिनीला जो भाव आज येतो, तो त्या जमिनीच्या कसामुळे येत नाही. ती घेणाऱ्याने घाम गाळला म्हणूनही येत नाही. पलीकडे जंगल आहे, जंगलात वाघ आहे, आणि प्रवेशद्वार येथेच आहे, म्हणून तो भाव येतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाची जी उपपत्ती मांडली तिचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही क्वचित सापडेल. केवळ स्थानामुळे मिळणारे, श्रमावाचून वाढणारे उत्पन्न म्हणजे खंड. हा खंड निर्माण कोणी केला? सरकारने सार्वजनिक पैशाने जंगल राखले, म्हणून सरकारने. आणि गाभ्यातील माणसांनी गाव सोडले, बफरमधील माणसांनी चराई, सरपण व रानातली वाट सोडली, म्हणून त्या माणसांनी. रिसॉर्टच्या मालकाने यांपैकी काहीही केलेले नाही. त्याने योग्य वेळी सातबारा विकत घेतला, एवढेच.

पर्यटनाच्या उत्पन्नाचे तीन वाटे पडतात. प्रवेशशुल्काचा वाटा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो. २००६ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने ही प्रतिष्ठाने निर्माण झाली आणि त्यांचा कारभार मंत्री व वनाधिकारी यांच्या हाती आहे. खोल्यांच्या भाड्याचा वाटा भांडवलदाराकडे जातो, आणि तो बहुधा जिल्ह्याबाहेर राहतो. तिसरा वाटा मजुरीचा, तो गावाकडे येतो. मार्गदर्शक, जिप्सीचालक, स्वयंपाकी, सफाई कामगार, पहारेकरी अशी ही कामे आहेत. या वाट्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. ताडोबात स्थानिक मुली मार्गदर्शक म्हणून उभ्या राहिल्या, अनेक तरुणांना परगावी कामाला जावे लागले नाही, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु प्रमाण विसरता येत नाही. एका सफारीला पाहुण्यांची गाडी काही हजार रुपये मोजते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. शिवाय गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद राहते आणि पाहुण्यांची वर्दळ ओसरते. रोजगार हंगामी, खंड मात्र बारमाही.

जमेच्या बाजूला ही मजुरी लिहिली, तर खर्चाच्या बाजूलाही काही लिहावे लागेल. रानडुकरांनी उकरलेले धान, वाघाने मारलेली गुरे, आणि माणसे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यांत दरवर्षी डझनावारी माणसे प्राणास मुकतात. त्यांत मोठा भरणा भूमिहीन मजूर, गुराखी आणि तेंदू-मोह वेचणाऱ्या स्त्रियांचा असतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी बळी पडल्या. मृताच्या वारसांना शासन २५ लाख रुपये देते, आणि ते द्यावयासच हवेत. परंतु उन्हाळ्याच्या पंधरवड्यात मिळणाऱ्या तेंदूच्या मजुरीसाठी जीव धोक्यात घालावा लागू नये, अशी व्यवस्था त्या रकमेने होत नाही. पाहुण्यांना 'माया' या वाघिणीचे नाव ठाऊक असते, तिची पिल्ले ठाऊक असतात. त्या तीन स्त्रियांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? दोष वाघाचा नाही आणि पाहुण्याचाही नाही. ज्या व्यवस्थेत जंगलाचे सौंदर्य एकाच्या खात्यावर आणि जंगलाची भीती दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जाते, त्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

मासेमारांची स्थिती याहून नाजूक आहे. पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले; त्यांवर पिढ्यान् पिढ्या मासे धरणारे ढीवर मात्र मालक झाले नाहीत, सहकारी संस्थांमार्फत ठेका घेणारे झाले. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याने जंगलातील जलाशयांच्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. तथापि ढीवर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्यामुळे 'अन्य पारंपरिक वननिवासी' म्हणून त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याची होडी डोंगा आणि दप्तर जाळे, त्याने ७५ वर्षांपूर्वीचे कागद कोठून आणावे? तलावाकाठच्या खोलीचे भाडे वाढविण्यास मात्र कोणताही पुरावा लागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. पर्यटन नसते तर वाघ उरला नसता, आणि वाघ नसता तर येथे कोळशाच्या खाणी आल्या असत्या. या उत्तरात तथ्य आहे. चंद्रपूरच्या कोळशाने जंगलाची काय गत केली ते सर्वांसमोर आहे, आणि खाणीपेक्षा सफारी बरी, हे कोणीही मान्य करील. परंतु खाण की रिसॉर्ट हा पर्याय मांडणाऱ्याने तिसरा पर्याय आधीच वगळलेला असतो. गावाने स्वतः जंगल राखावे आणि त्याचे उत्पन्न गावानेच घ्यावे, हा तो पर्याय. तो स्वप्नातला नाही. तो शेजारच्याच जिल्ह्यात प्रत्यक्ष उभा आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानापुस्तक वनखात्याच्या हातून ग्रामसभेच्या हाती आले, आणि बांबू हे गौण वनोपज आहे, हे सरकारला कृतीने मान्य करावे लागले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा केवळ भिंतीवर राहिली नाही. आज गडचिरोलीत हजारावर ग्रामसभांना असे हक्क मिळालेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातही गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळविला. तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात, म्हणून तेंदूचे उत्पन्नच नको, बांबूवर भागवू, असा निर्णय त्या ग्रामसभेने घेतला. जंगल राखण्याची अक्कल फक्त गणवेशधाऱ्यांनाच असते, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना, १८८० च्या दशकाच्या आरंभीच, जंगल खात्याने गावांची गायराने गिळल्याची तक्रार मांडली होती. बफर क्षेत्राच्या गावांची तक्रार तीच आहे. फक्त गिळणाऱ्यांत आता पर्यटन कंपनीची भर पडली आहे.

कायद्याची साधने उपलब्ध आहेत. २०१२ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली आणि ऑक्टोबरात ती उठवली. त्याच वेळी आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी पर्यटन व्यवसायाकडून संवर्धन-शुल्क घेऊन ते स्थानिकांच्या उपजीविकेवर खर्च करण्याची वाट दाखविली. गॅसजोडणी, सौर कुंपण देणाऱ्या योजनाही बफरमध्ये आल्या. परंतु योजना हे दान असते आणि वाटा हा हक्क असतो. म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. बफरमधील प्रत्येक पात्र गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा निकाली काढावा, आणि ढीवरांचे मासेमारीचे दावे गावातील वृद्धांच्या जबाबावर स्वीकारावेत; कायद्याच्या नियमांत अशा जबाबाला पुराव्याचे स्थान आहे. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा अनुदान म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा. रिसॉर्टवर शुल्क बसवावे आणि नव्या बांधकामाला ग्रामसभेची संमती अनिवार्य करावी. गावाच्या सहकारी संस्थांना निवासगृहे चालविण्यासाठी प्रथम हक्क व कर्ज मिळावे.

या मागण्यांना घाई आहे, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या महसूलमंत्र्यांनी गडचिरोलीत एक घोषणा केली: आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खासगी व्यक्तींना थेट भाडेपट्ट्याने देता यावी, असा कायदा करण्याचा मानस आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७४ साली जी कायदेशीर कुंपणे घातली गेली, त्यांत हे मोठे खिंडार ठरेल. विक्रीला बंदी आणि भाडेपट्ट्याला मुभा, असे झाले तर मोहर्लीत जे जमीन विकून घडले ते गडचिरोलीत जमीन न विकताच घडेल. सातबाऱ्यावर नाव माडिया शेतकऱ्याचे राहील, आणि त्याच शेतातल्या तंबूत तो पाहुण्यांना चहा नेऊन देईल.

कोलारा ज्या तालुक्यात आहे त्या चिमूरने १६ ऑगस्ट १९४२ रोजी परकी सत्तेविरुद्ध उठाव केला होता, हे तेथील शाळकरी मुलेही जाणतात. आजचा लढा तितका रोमांचक नाही. तो ग्रामसभेच्या ठरावांचा, नकाशांचा, दाव्यांच्या नमुन्यांचा, तलाठ्याच्या दप्तराचा लढा आहे. बफरमधील प्रत्येक गावात दावे भरून घेणारे दोन कार्यकर्ते जरी उभे राहिले, तरी या कामाला आरंभ होईल. वाघ सर्वांचा आहे, हे मान्यच आहे. मग त्याचा खंडही सर्वांचा असला पाहिजे, आणि त्यात पहिला वाटा, ज्यांनी त्याच्यासाठी वाट सोडली, त्यांचा.