कळ कोण दाबतो?

दूरचित्रवाणीवरील थेट वार्ता म्हणजे घटनास्थळाकडे उघडलेली खिडकी, असा समज सर्वत्र रुजला आहे. प्रत्यक्षात घटनास्थळ आणि प्रेक्षक यांच्यामध्ये नियंत्रण कक्षात बसलेला एक नोकरदार असतो. त्यास दिग्दर्शक म्हणतात. त्याच्यासमोर अनेक पडदे असतात व प्रत्येकावर निराळ्या कॅमेऱ्याचे दृश्य असते. त्यांतील कोणते प्रक्षेपित व्हावे, किती सेकंद टिकावे, निवेदकाला कोठे थांबवावे, याच्या सूचना तो क्षणोक्षणी देत असतो. वृत्तपत्राच्या संपादकाला मुद्रिते तपासण्यास अवधी मिळतो. याला तो नसतो. एक दृश्य निवडणे म्हणजे त्याच क्षणी उरलेली सारी दृश्ये नाकारणे होय.

हे नाकारणे केवळ तांत्रिक आहे काय? व्हेनेझुएलाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ११ एप्रिल २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ राष्ट्राला उद्देशून भाषण करीत असताना खासगी वाहिन्यांनी पडदा दुभागला. एका भागात राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्यात रस्त्यावरील हिंसाचार! त्याच रात्री सरकारी वाहिनीचे प्रक्षेपण बंद पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी उद्योगपतींच्या महासंघाचे अध्यक्ष पेद्रो कार्मोना यांनी स्वतःस राष्ट्राध्यक्ष घोषित करून संसद व सर्वोच्च न्यायालय बरखास्त केले. १३ तारखेस चावेझ यांच्या सुटकेसाठी राजधानी काराकासमधील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाभोवती जनसमुदाय लोटला, तेव्हा बड्या खासगी वाहिन्या चित्रपट आणि कार्टूनपट दाखवीत होत्या. आरसीटीव्ही या वाहिनीच्या वार्तापत्राचे निर्मिती व्यवस्थापक आंद्रेस इसारा यांनी राजीनामा दिला. चावेझ वा त्यांचे समर्थक पडद्यावर दिसता कामा नयेत असा आदेश होता, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. १४ एप्रिलच्या पहाटे चावेझ परतले.

इसारा पुढे चावेझ यांचेच मंत्री झाले, तेव्हा त्यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, असे कोणी विचारील. परंतु त्या दिवशी पडद्यावर काय नव्हते, हे तर सारा देश पाहत होता.

मग खासगी मालक दूर केला की प्रश्न सुटतो काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २१ डिसेंबर १९८९ रोजी बुखारेस्टच्या सभेत चाउशेस्कू यांच्या भाषणात गलबला उठताच थेट प्रक्षेपण तोडण्यात आले. तेथे खासगी मालक नव्हता. आपल्याकडे आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, दूरदर्शन सरकारच्याच मुठीत होते. कळीवरचे बोट नोकरदाराचे, इच्छा मात्र मालकाची वा सत्ताधाऱ्याची, हे दोन्हीकडे सारखेच.

म्हणूनच प्रक्षेपण कक्षातील कर्मचाऱ्याच्या हक्काचा प्रश्न हा प्रेक्षकाच्याही हक्काचा प्रश्न आहे. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. श्रमिक पत्रकारांना संरक्षण देणारा १९५५ चा कायदा मात्र वृत्तपत्रांपुरताच होता. ज्याच्यापाशी राजीनाम्यावाचून दुसरे हत्यार नाही, त्याच्याकडून रोज धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रत्येकाला घर चालवायचे असते. दृश्य रोखण्याचा प्रत्येक आदेश लेखी नोंदविला जावा आणि खोटे दाखविण्यास नकार देणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहावी, या दोन मागण्या कामगार संघटनांनी उचलल्या पाहिजेत. पडद्यावरील निवेदकाशी वाद घालण्यात आपण पुष्कळ शक्ती खर्च केली. पडद्यामागच्या कर्मचाऱ्याला संघटित करण्याचे काम अद्याप बाकी आहे.