शेजारी देशांशी व्यापार आणि नांदूरघाटचे सोयाबीन

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच्या पश्चिमेस लागून असलेला त्या वेळचा अहमदनगर जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. मधल्या हद्दीवर करोडगिरीची नाकी असत. संस्थानात येणाऱ्या व तेथून बाहेर जाणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे. नाणेही निराळे होते. हाली सिक्क्याचे सात रुपये मोजले म्हणजे इंग्रजी सहा रुपये होत. संस्थान विलीन झाले, 1950 पासून आर्थिक एकीकरण सुरू होऊन ही जकात टप्प्याटप्प्याने उठली आणि पुढे 1959 मध्ये हाली सिक्काही चलनातून गेला. आज केज तालुक्यातील नांदूरघाटचा शेतकरी आपली तूर बार्शीच्या पेठेस नेतो, तेव्हा ही पेठ एके काळी परमुलखातील होती याचे त्यास स्मरणही होत नाही.

शेजारी राष्ट्रांनी आपापसातील जकात कमी करून व्यापार वाढवावा, या विचाराचे मूळ हेच आहे. तथापि एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. करोडगिरीची नाकी गेली तेव्हा दोन्ही बाजूंस एकच कायदा, एकच नाणे व एकच सरकार आले. दोन देशांमध्ये तसे होत नाही. तेथे जकातीची भिंत खाली येते, पण भिंतीपलीकडे दर निराळे, कायदे निराळे व गरजाही निराळ्याच राहतात. अशा व्यापाराचा लाभ कोणाच्या पदरात पडावा हे भिंतीच्या उंचीपेक्षा दारावरील नियमांवर अधिक अवलंबून असते. नांदूरघाटच्या शिवारातील सोयाबीनचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो समजून घेण्याची वेळ आली आहे.

दक्षिण आशियातील सात देशांनी 1985 च्या डिसेंबरात ढाका येथे ‘सार्क’ ही संघटना स्थापिली. या देशांमधील मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ नावाचा करार 1 जानेवारी 2006 पासून अंमलात आला. नेपाळ व बांगलादेश यांसारख्या दुर्बल अर्थव्यवस्थेच्या शेजाऱ्यांना भारताने त्याखाली विशेष सवलत दिली. मद्य व तंबाखू यांसारख्या थोड्या वस्तू वगळता त्यांचा माल जकातीवाचून येऊ लागला. थोरल्या भावाने धाकट्यास वाट द्यावी, तसेच हे होते व ते योग्यच होते. माल खरोखर त्या देशाचाच असावा, यासाठी उगमाचा नियम घातला गेला. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर त्या देशात निदान 30 टक्के मूल्याची भर पडली पाहिजे, ही त्यातील एक अट होय.

आता सोयाबीनकडे वळू. भारत आपल्या गरजेच्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणतो. त्यातील सोयातेल प्रामुख्याने अर्जेंटिना व ब्राझील येथून येते. सप्टेंबर 2024 मध्ये सोयाबीनचा बाजारभाव 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली उतरला होता. तेव्हा केंद्र सरकारने कच्च्या तेलावरील एकूण आयातशुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के आणि शुद्ध केलेल्या तेलावरील 13.75 टक्क्यांवरून 35.75 टक्के केले. उत्पादकांस आधार मिळावा हा हेतू होता. परंतु त्यानंतर काही महिन्यांतच नेपाळमधून शुद्ध सोयातेलाची आवक झपाट्याने वाढली. नेपाळात सोयाबीनचे पीक अल्प. कच्चे तेल समुद्रापलीकडून आणावयाचे, भारतातीलच बंदरावर उतरवून नेपाळात न्यावयाचे, तेथे शुद्ध करावयाचे आणि साफ्टाच्या सवलतीने जकातीवाचून परत भारतात पाठवावयाचे, असा हा प्रवास. येथील तेल कारखानदारांच्या संघटनांनी उगमाच्या नियमाचे पालन होत नसल्याची तक्रार केली. पुढे 30 मे 2025 रोजी कच्च्या तेलावरील शुल्क 16.5 टक्क्यांवर आणण्यात आले. त्यामुळे या आडवाटेचा मोह कमी झाला, पण आयात केलेले कच्चे तेलही तितकेच स्वस्त झाले.

या व्यवहारात नेपाळी शेतकऱ्यास काय मिळाले? जवळजवळ काहीच नाही. सवलत त्याच्या नावाने होती, लाभ मधल्यांनी घेतला. म्हणून ‘शेजाऱ्यांनी आमचा भाव पाडला’ असे जे चावडीवर बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे. शिवाय एकूण आयातीपुढे नेपाळमार्गे आलेले तेल थोडेच होते.

या बोलण्यात आणखी एक गोष्ट सुटते. एक क्विंटल सोयाबीन गाळले असता सुमारे 18 किलो तेल आणि सुमारे 80 किलो पेंड निघते. तेल किलोमागे 10 रुपयांनी उतरले तर क्विंटलमागे 180 रुपयांचा फरक पडतो. पेंड किलोमागे 10 रुपयांनी उतरली तर हाच फरक 800 रुपयांवर जातो. हा साधा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यांपुढे खडूने मांडून दाखवावा. सोयाबीन हे तेलबी म्हणून नोंदले जात असले तरी त्याचा भाव मोठ्या अंशी पेंडीवर ठरतो. आणि भारताच्या सोयापेंडीचे नेहमीचे गिऱ्हाईक कोण? बांगलादेश व नेपाळ. त्यांच्या कोंबड्यांना व माशांना खाद्य लागते. अर्जेंटिनाची पेंड जागतिक बाजारात बहुधा स्वस्त असते. दूरच्या देशांत आपली पेंड त्या भावापुढे टिकत नाही. शेजारी मात्र आगगाडीने व मालमोटारीने थोडाथोडा माल हवा तेव्हा नेऊ शकतो. ज्या दारातून नको ते तेल आत आले, त्याच दाराने आपली पेंड बाहेर जाते. दार लावून घेतले तर अधिक तोटा कोणाचा होईल, हे वरील हिशेबावरून दिसून येईल.

पेंडीच्या भावास घरचीही कारणे आहेत. मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यानंतर उरणारा प्रथिनयुक्त चोथा अलीकडे पशुखाद्यात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये तर जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली गेली होती. या कोणत्याही गोष्टीत शेजाऱ्याचा दोष नव्हता.

उलट, शेजाऱ्याने आपल्याला दोष द्यावा असा प्रसंग कांद्याचा आहे. आष्टी-पाटोद्याकडील कांदा उत्पादकांस हे सांगावयास नको. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा ग्राहक. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी झाली, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा झाली, डिसेंबर 2023 मध्ये तिसऱ्यांदा. 2019 च्या बंदीनंतर दिल्लीस आलेल्या त्या वेळच्या बांगलादेशी पंतप्रधान शेख हसीना यांनी, आगाऊ सूचना तरी द्यावयाची होती, असे जाहीरपणे सुचविले. स्वयंपाक्यास आपण कांद्यावाचूनच स्वयंपाक करावयास सांगितले, असेही त्या विनोदाने म्हणाल्या. त्या विनोदामागील नाराजी कोणालाही कळण्याजोगी होती. त्यानंतर बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान येथून कांदा आणला आणि घरचे उत्पादन वाढविण्याचा चंग बांधला. आता आपल्या शेतकऱ्यांचा कांदा बाजारात असताना तो देश आयातीचे परवाने आवरून धरतो. गिऱ्हाईक दोनतीनदा रिकाम्या हाताने परत गेले म्हणजे ते दुसरे दुकान शोधते. शहरातील ग्राहकास कांदा परवडावा ही सरकारची चिंता खोटी नव्हती. पण एका हंगामाच्या भावासाठी अनेक वर्षांची पेठ दुखावली गेली, हे मान्य करावयास हवे.

तुरीची गोष्ट निराळी. तेथे आपण गिऱ्हाईक आहोत. म्यानमार, मलावी व मोझांबिक यांच्याशी तूर आयातीचे वार्षिक प्रमाण ठरविणारे करार 2021 मध्ये झाले. मोझांबिकशी त्याआधी 2016 मध्येही झाला होता. किती माल येणार हे आगाऊ कळावे, इतका तरी गुण अशा कराराचा असावयास हवा. परंतु त्याबरोबरच तुरीची आयात खुलीही ठेवण्यात आली, आणि मग ठरलेल्या प्रमाणास फारसा अर्थ उरला नाही. आफ्रिकेतील तूर आपल्या काढणीच्या तोंडावर बंदरांत उतरते, हे लातूरच्या डाळ गिरण्यांशी व्यवहार असणारास ठाऊक आहे.

गावपातळीवर यातले काय हाती आहे? थोडे आहे, पण अगदी नाही असे नाही. सोयाबीन 12 टक्क्यांपेक्षा अधिक ओलाव्याने आणले तर हमीभावाच्या केंद्रावर ते घेतले जात नाही. मळणीनंतर दोन दिवस उन्हात पसरण्याचे श्रम येथे भरून निघतात. काढणीच्या वेळी बाजार पडलेला असल्यास बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. ज्या समितीत ही योजना नावापुरतीच आहे, तेथे ती चालू करण्याचा आग्रह सभासदांनी धरावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पेंड खरेदी करणाऱ्यांची व निर्यातीची माहिती ठेवावी. केवळ तेलाचे भाव पाहून माल रोखणे किंवा विकणे हिताचे नाही.

सरकारदरबारी मांडण्याजोग्या गोष्टी दोन. सवलतीने येणाऱ्या तेलाच्या उगमाची तपासणी कसोशीने व्हावी. त्यासाठी करार मोडण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट वेळेची. खरिपाचा हमीभाव पेरणीच्या सुमारास जाहीर होतो, परंतु आयातशुल्क 2024 मध्ये शेंगा भरल्यावर सप्टेंबरात वाढले आणि पुढील वर्षी पेरणीच्या तोंडावर मे अखेरीस घटले. तोवर पुष्कळांनी बियाणे घेऊन ठेवले होते. हमीभावासोबतच त्या हंगामाचे आयातशुल्क व निर्यातीचे धोरण जूनपूर्वी जाहीर करून ते पुढील मार्चपर्यंत न बदलण्याची हमी दिली, तर नांदूरघाटच्या शेतकऱ्यास सोयाबीन किती एकरांत पेरावे व तूर किती, हे निदान अंदाजाने ठरविता येईल.