एम.सी.बी. मोठा केला, तार मात्र तीच!



आम्ही शेतकी खात्यातली माणसे. लागणीची नोंद, बेणे, खताचा हप्ता, तोडणीचा क्रम, हे आमचे विषय. तेव्हा या अंकात आम्ही घरातल्या वायरिंगवर लिहायला बसलो आहोत हे पाहून काही सभासद म्हणतील, “साहेब, तुम्ही ऊस बघा, वायरिंग वायरमन बघेल.” म्हणणे रास्त आहे. आम्हीही अगदी असेच म्हणत होतो. वायरमनने बघावे, आपण फक्त पैसे द्यावेत. परंतु गेल्या दिवाळीत आमच्याच घरी जे घडले त्यात वायरमनची चूक थोडी आणि आमची फार होती. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

झाले असे. आमचे घर वडिलांच्या काळातले. त्या वेळी घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ. पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीतून दीड एम.एम.ची एक लाइन ओढली आणि तिच्यावर १६ अँपिअरचा एम.सी.बी. बसला. त्या तारेला तोही खरे तर जडच होता. दिवसेंदिवस त्याच एका लाइनवर ३००० वॉटचा गीझर आला, २००० वॉटची इंडक्शन शेगडी आली आणि शेवटी एक हॉर्सपॉवरची घरगुती चक्की आली. दिवाळीच्या पहाटे तिन्ही एकदम सुरू. पाच-दहा मिनिटे झाली की एम.सी.बी. खाली. पाहुणे खोळंबलेले, पाणी गार. आम्ही चिडून वायरमनला बोलावले आणि स्वतःच हुकूम सोडला, “हा सारखा पडतोय, मोठा टाक.” त्याने खिशातून ३२ चा काढला आणि बसवला. पाच मिनिटांत काम झाले. आम्ही खूश!

भाऊबीजेच्या रात्री आई म्हणाली, “अरे, काहीतरी करपल्याचा वास येतोय.” चुलीवर काही नव्हते. बोर्डावर हात ठेवला तर चटका बसला. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला तेव्हा तारेवरचे प्लॅस्टिक काळे पडून वितळलेले होते. त्या भिंतीच्या पलीकडे नातवंडे झोपली होती. एम.सी.बी. मात्र ऐटीत वरच होता, पडलाच नाही.

का पडला नाही? इथेच सगळी गोम आहे. आपली समजूत अशी की एम.सी.बी. हा फ्रिजचा, गीझरचा राखणदार. तसे नाही. तो मुख्यतः भिंतीतल्या तारेचा राखणदार आहे. तार सोसेल त्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की त्याने पडायचे, हे त्याचे काम. आता आमचा हिशेब पाहा. वॉटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. गीझरचे १३, शेगडीचे जवळजवळ ९, चक्कीचे धरा ५, एकूण २७. दीड एम.एम.ची तांब्याची तार भिंतीतल्या पाइपात साधारण १४-१५ अँपिअर सोसते. १६ चा एम.सी.बी. ओरडून सांगत होता की बाबांनो, तार तापते आहे. आम्ही ओरडणाराच बदलला! ३२ च्या एम.सी.बी.ला २७ म्हणजे काहीच नाही. त्याची घडणच अशी असते की ३६ अँपिअर वाहिले तरी तो तासभर पडत नाही. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आमची तार तिच्या ताकदीच्या तिपटीहून अधिक उष्णता गिळत होती.

हे काही नवे नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये बारीक फ्यूजतारेऐवजी वायरच्या दोन-चार काड्या पिळून घालायची आपली सवय जुनीच. एम.सी.बी. आले, सवय तशीच राहिली.

सभासदांना उसाच्या भाषेत सांगतो. पान पिवळे पडले की आपण युरियाचे पोते फोडतो. पण जुनी, खालची पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता, आणि चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोहाची. कारण न पाहता युरिया टाकला तर पैसाही जातो आणि ऊसही. एम.सी.बी. पडणे हे त्या पिवळ्या पानासारखे आहे, तो रोग नव्हे, लक्षण आहे. सगळी उपकरणे बंद करूनही वर करताच खटकन पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुन्हापुन्हा वर ढकलू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर बहुधा लोड जास्त आहे, एक उपकरण बंद करा. दोन्हींपैकी एकाही रोगावर मोठा एम.सी.बी. हे औषध नाही.

मग जोडी कशी जुळवावी? आधी लोड मोजावा, त्याहून थोडा मोठा एम.सी.बी. घ्यावा, आणि तार त्या एम.सी.बी.हून ताकदवान असावी. हा क्रम उलटा करायचा नाही. घरातल्या तांब्याच्या तारेसाठी ढोबळ मानाने असे धरावे :

१) दिवे, पंखे, टी.व्ही. : तार दीड एम.एम., एम.सी.बी. ६ किंवा १०.
२) फ्रिज, इस्त्री, मिक्सर, स्वयंपाकघरातले प्लग : तार अडीच एम.एम., एम.सी.बी. १६.
३) मोठा गीझर, ए.सी. : स्वतंत्र लाइन, तार ४ एम.एम., एम.सी.बी. २०.
४) मीटरपासून बोर्डापर्यंत, एक फेज असेल तर : तार ६ एम.एम., एम.सी.बी. २५ ते ३२.

एका पाइपात चार-पाच जोड्या कोंबल्या असतील किंवा तार पत्र्याखालून गेली असेल तर तिची ताकद याहून कमी धरावी. तार अॅल्युमिनियमची असेल तर हा हिशेब लागू नाही, एक माप तरी मोठी लागते.

वस्तीवर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. घरापासून गोठा शंभर मीटरवर आणि तिथे कडबा कुट्टीची मोटर, हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे. दीड एम.एम.च्या तारेने ८ अँपिअर तिथवर नेले तर वाटेतच १९ व्होल्ट गळतात. आधीच व्होल्टेज कमी, त्यात ही गळती. मोटर मग जास्त प्रवाह ओढते, तापते, जळते. तेच ४ एम.एम.ची तार टाकली तर गळती ७-८ व्होल्टवर येते. लांबच्या पल्ल्याला बारीक पाइपलाइन टाकली तर शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही हे आपल्याला कळते, मग तारेचे का कळू नये?

काही सभासद म्हणतील, भिंत फोडून तार बदलायला पैसा लागतो. लागतो खरा. पण उसाचा हप्ता जमा झाला की फ्रिज येतो, वॉशिंग मशीन येते, गीझर येतो. मग त्याच हप्त्यातून दोन बंडल वायर का येत नाही? वस्तू दिसते, पाहुणे बघतात, भिंतीतली तार कोणी बघत नाही, एवढेच कारण. आमचे स्पष्ट मत आहे की मोठे उपकरण घेताना त्याच्या तारेचा आणि एम.सी.बी.चा खर्च किमतीतच धरावा. ते परवडत नसेल तर उपकरण सहा महिने थांबवावे. आम्ही नंतर गीझरला स्वतंत्र ४ एम.एम.ची लाइन ओढली, शेगडी आणि चक्कीला दोन वेगवेगळ्या अडीचच्या लाइनी दिल्या. झालेला खर्च गीझरच्या किमतीहून कमीच होता.

वायरमन बंधूंनाही विनंती आहे. घरमालक “मोठा टाक” म्हणाला तरी तार न बघता टाकू नका. आम्ही म्हणालो होतो तेव्हा कोणी “नाही” म्हणाले असते तर बरे झाले असते. कारखान्यात मोटरचा ओव्हरलोड रिले कोणी मनाने वाढवत नाही, मग घरी का वाढवावा?

शेवटी तीन कामे सांगतो. पहिले, बोर्डाच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून कोणत्या एम.सी.बी.वर किती एम.एम.ची तार आहे ते परवानाधारक वायरमनकडून लिहून घ्या. दुसरे, १६ अँपिअरची जाड पिन कन्व्हर्टर लावून ६ च्या प्लगमध्ये घालणे आजपासून बंद करा. तिसरे, एम.सी.बी. शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. वेगळा लागतो, तो बसवून घ्या.

गट कार्यालयांच्या बैठकीत खत-पाण्याबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा, कारखान्याच्या विद्युत विभागातल्या जाणकाराने येऊन बोलावे, अशी सूचना आम्ही यानिमित्ताने करतो. उभा ऊस जळाला तर निदान तोडून गाळपाला आणता येतो. घराचे तसे नाही.

— ऊस विकास अधिकारी